स्लॅब पडायच्या आधी एकदा बोला!

डिसेंबरातली पहाट. पारनेर-श्रीगोंद्याकडे असा नाहीतर अकोल्यात भंडारदऱ्याच्या बाजूला, गोधडीतून पाय बाहेर काढायची हिंमत होत नाही. सातची एसटी पकडायची, साडेआठचं प्रॅक्टिकल गाठायचं आणि त्याआधी अंघोळ! तुम्ही ‘पाच मिनिटं अजून’ करत लोळत असता, तेव्हा तुमची बादली तापावी म्हणून आई मात्र साडेपाचलाच उठून बंबात पऱ्हाट्या सारत बसलेली असते. डोळ्यांत धूर, अंगावर शाल. रोज.

आता दुसरं चित्र बघा. घराचं बांधकाम काढलंय. आपल्याकडे बहुतेक घरं आपली आपणच बांधतो. पप्पा, चुलते आणि गावातला मिस्त्री, एवढीच समिती. खोल्या किती, देवघर कुठल्या दिशेला, टाइल्स कुठल्या, यावर रात्र-रात्र चर्चा होते. अंघोळीचं पाणी कुठे तापणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. तो प्रश्न निघतो वास्तुशांतीनंतरच्या पहिल्या थंडीत. तोवर स्लॅब पडलेला, प्लॅस्टर झालेलं, टाइल्स बसलेल्या. मग भिंती फोडा, नाहीतर पुन्हा बंब पेटवा.

म्हणून दोस्तांनो, घरात बांधकामाचा विषय निघाला असेल तर आज हे वाचा आणि स्लॅब पडायच्या आधी तोंड उघडा. फिजिक्स शिकलात ना? मग ते कामाला लावायची हीच वेळ आहे.

बादलीचं गणित

युरोपात घर बांधताना भिंतीभिंतींतून, फरशीखालून गरम पाणी फिरवायची सोय करावी लागते. आपल्याला एवढं काही नको. आपले प्रश्न दोनच: अंघोळीचं पाणी आणि थंडीच्या रात्री गारठणारी खोली.

आधी पाण्याचं बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. 20 लिटरची बादली 18 अंशांवरून 40 अंशांवर न्यायची म्हणजे 440 किलोकॅलरी. विजेचं एक युनिट म्हणजे सुमारे 860 किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला अर्धं युनिट. घरात चार माणसं असतील तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता वेगळीच. आणि लाइट पहाटे नसेल तर? मग सगळं गणितच थंड!

इकडे डोक्यावर ऊन फुकट पडून असतं. त्याची ताकद बघायची असेल तर लांब जाऊ नका, शिर्डीला जा. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 पासून 73 मोठ्या सोलर डिश आहेत. त्या उन्हाची वाफ करतात आणि त्या वाफेवर भक्तांसाठी अन्न शिजतं. जे ऊन हजारोंचा भात शिजवतं, त्याला तुमच्या चार बादल्या जड नाहीत.

गच्चीवर आधी काय ठरवायचं?

तीन-चार माणसांच्या घराला साधारण 100 लिटरचा, सहा-सात माणसांना 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर पुरतो. दुकानदार तो बसवून देईल, पण त्याची जागा तुम्हालाच ठरवावी लागेल. हे मुद्दे वहीत लिहून घ्या.

एक, दिशा. सोलरचं तोंड दक्षिणेला हवं आणि उतार साधारण 30 ते 35 अंशांचा. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला 47 अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. जिन्याची खोली, पाण्याची टाकी किंवा शेजारचं नारळाचं झाड यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत सोलरवर यायला नको.

दोन, उंची. साध्या सोलरमध्ये पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी खाली येतं, एवढ्यावरच तो चालतो. त्याच्या टाकीत पाणी भरायचं तर थंड पाण्याची टाकी तिच्याहून उंचावर हवी. स्टँड बांधतानाच हे सांगितलं तर थोड्याशा विटांत काम होतं. नंतर आठवलं तर टाकी उतरवून सगळं पुन्हा.

तीन, वजन. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, वर टाकीचं आणि स्टँडचं वजन वेगळं. पाय बीमवर किंवा भिंतीवर येतील अशी जागा मिस्त्रीकडून आधीच खुणावून घ्या.

चार, पाइप. आमच्या घरी नेमकी हीच चूक झाली. बाथरूम पुढच्या बाजूला, सोलर मागच्या कोपऱ्यात. पाइप बाहेरच्या भिंतीवरून फिरून येतो. रोज सकाळी आधी एक बादली गार पाणी निघतं, मग कोमट, मग गरम. ज्याचा नंबर पहिला, तो बिचारा कुडकुडतो! तेव्हा बाथरूम शक्यतो सोलरच्या खालीच येऊ द्या. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडतो, सीपीव्हीसी लागतो. आणि त्यावर उष्णता धरून ठेवणारं वेष्टण घालायला विसरू नका.

पाच, पाणी. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर सपाट पेटीसारख्या सोलरच्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने बुजू शकतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा सोलर बरा पडतो. त्याची नळी फुटली तर एकटी बदलता येते.

अकोल्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. तिथे जोडीला दुसरी सोय ठेवावीच लागते. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर बायोगॅसचा विचार करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. त्याचा खड्डाही बांधकामाचे मजूर दारात आहेत तोवरच खणलेला बरा.

हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका

आता जिवाशी खेळ असलेली गोष्ट. शिकायला शहरात राहता, रूमच्या छोट्याशा बाथरूममध्ये गॅस गीझर असतो. थंडी म्हणून खिडकी गच्च बंद. ज्योत पेटते, बंद जागेतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि जळण अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मग हातपाय गळतात. कडी काढायचं कळतं, पण हात उचलत नाही.

म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा. पाणी पाइपने आत येतं, ज्योत आत यायची गरजच नाही. नव्या घरात त्याची जागा आत्ताच ठरवा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा असला तरी खिडकी-दार उघडं ठेवा. कुणी बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा.

विजेचा गीझर घेणार असाल तर चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. गीझरला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, तोही प्लॅस्टरच्या आधी. बादलीत रॉड लावला असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट बुडवायचं नाही.

खोली का गारठते?

आजोबांना विचारा, माळवदाच्या घरात थंडी वाजायची का? जाड भिंती, वर मातीचा थर. दिवसभराची ऊब त्यात मुरायची आणि रात्री हळूहळू आत यायची. उन्हाळ्यात तेच घर गार. पत्र्याचं उलटं. दिवसा तापतो आणि रात्री निरभ्र आभाळाखाली झपाट्याने गार पडतो, इतका की पहाटे आतून दव ठिबकतं. पत्राच टाकायचा असेल तर त्याखाली बांबूच्या चटईचं किंवा सिमेंट बोर्डाचं छत करा आणि मध्ये वीतभर पोकळी सोडा. स्लॅब असेल तर वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करा, तो उन्हाळ्यातही कामाला येतो.

झोपायच्या खोलीला दक्षिणेकडे खिडकी आणि तिच्यावर दोन फुटी छज्जा ठेवा. डिसेंबरातलं खालून येणारं ऊन दुपारी आत शिरतं. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दुपारचं ऊन छज्जावरच अडतं. बिनपैशाचा हीटर आणि बिनपैशाचा कूलर! पश्चिमेला मोठी खिडकी मात्र टाळा, नाहीतर उन्हाळ्यात संध्याकाळी खोलीची भट्टी होते.

येत्या रविवारी काय कराल?

कागदावर घराचा साधा नकाशा काढा. मोबाइलच्या होकायंत्राने दक्षिण शोधा. सोलर, टाकी, बाथरूम, गीझरचा पॉइंट, सगळ्यावर खुणा करा. मग पप्पांसमोर आणि मिस्त्रींसमोर तो कागद ठेवा. ‘काल कॉलेजात गेला आणि आज आम्हाला शिकवतोय’ असं मिस्त्री म्हणतीलच. म्हणू द्या. तुम्ही बादलीचं गणित मांडा, टाकीची उंची दाखवा. ऐकतील.

आणि हो, हा कागद आधी आईला दाखवा. पहाटे बंबापाशी बसते ती. बाथरूम कुठे हवं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?