तळ्याचे आरोग्य तळ्याबाहेर ठरते

कृष्णाकाठच्या वाळवा आणि मिरज तालुक्यांत साचलेल्या पाण्याचा विषय निघाला की शेतकऱ्याला प्रथम आठवते ती क्षारपड जमीन. खोल काळ्या मातीतील उसाला वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक पाणी पाजले गेले, निचरा करणारे ओढे-नाले गाळाने आणि अतिक्रमणाने अडले, भूजल वर चढले आणि बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर क्षार उरले, अशा क्रमाने चांगली जमीन नापीक झाली. त्यामुळे वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या वाढत्या नगराच्या परिसरात पाणथळ जागेच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना एक भेद आधी स्पष्ट करावा लागतो: निचरा बिघडल्याने झालेल्या दलदलीतून पाणी काढून द्यायचे असते, तर पूर्वापार पाणी धरणाऱ्या सखल जागेत ते राखायचे असते.

अशा जागेत उथळ पाणी वर्षभर किंवा वर्षाचा काही काळ टिकते आणि त्यावर लव्हाळे, पाणकणीस, मासे, पक्षी व सूक्ष्मजीव यांची परस्परांवर अवलंबून असलेली वस्ती उभी राहते. पावसाचे पाणी अशी जागा सामावून घेते, गाळ थोपवते आणि काही प्रमाणात पाणी शुद्धही करते. अशा पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला आणि २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. परंतु नागरी वस्तीलगतच्या लहान तलावांना असा मान क्वचितच लाभतो, आणि सांडपाण्याचा भार मात्र त्यांनाच अधिक सोसावा लागतो.

हा भार काय करतो, हे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाने दाखवून दिले आहे. भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येत राहिले, त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी व निळे-हिरवे शेवाळ फोफावले, आणि ते कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटत गेला. पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने जलाशयाचा श्वास कोंडण्याच्या या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा, तसेच कोल्हापूर जिल्ह्यातीलच वडगावच्या महालक्ष्मी तलावाचा समावेश झाला. जलपर्णी कितीही वेळा काढली तरी नाला वाहता असेपर्यंत ती पुन्हा येते, हा अशा सर्व कामांमागचा मूलभूत धडा आहे.

म्हणून व्यवस्थापनाचा आरंभ पाणलोटाच्या, म्हणजे ज्या क्षेत्रावरचे पाणी वाहत येऊन तलावास मिळते त्या क्षेत्राच्या, नकाशापासून व्हावा लागतो. कोणता नाला कोठून येतो, त्यात सांडपाणी किती आणि पावसाचे पाणी किती, हे मोजल्यानंतरच नाला अडवून पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याची रचना ठरवता येते. गाळ काढण्याचे काम त्यानंतरचे असून तेही सरसकट करायचे नसते, कारण यंत्रांनी सगळा तळ खोल केला तर पाणपक्ष्यांना चालता येईल आणि माशांना अंडी घालता येतील असा उथळ काठ नाहीसा होतो. दगडी भिंत, फरसबंद मार्ग आणि कारंजी यांनी परिसर देखणा होत असला, तरी त्याने पाणी सुधारत नाही.

आष्टा परिसरात याला शेतीचा आणखी एक पदर जोडला जातो. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी शेतात जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकले जातात, आणि त्यांतून निघालेले क्षारयुक्त, खतांचा अंश असलेले पाणी ओढ्या-नाल्यांतच सोडावे लागते. ते तलावात शिरले तर तलाव बिघडतो, आणि तलावाची पातळी अवाजवी वाढवली तर पाझराने शेजारची जमीन पुन्हा दलदलीची होते. त्यामुळे निचरा योजना आणि तलाव योजना एकाच नकाशावर आखणे, तसेच पाण्याची पातळी लगतच्या शेतकऱ्यांच्या संमतीने ठरवणे, हाच न्याय्य मार्ग होय.

कायद्याचा आधारही नीट समजून घ्यावा लागतो. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी अधिसूचित क्षेत्रात भराव, अतिक्रमण, कचरा टाकणे व प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई केली आहे. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणून गावोगावच्या अनेक तलावांसाठी हद्दीची मोजणी, महसुली नोंद आणि स्थानिक विकास आराखड्यातील आरक्षण हेच खरे संरक्षण ठरते.

शासकीय अनुदानातून बांधकाम उभे राहते, पण पंपांची वीज, शुद्धीकरण केंद्राची देखभाल, जलपर्णीची वेळच्या वेळी काढणी आणि पाण्याची नियमित तपासणी हा खर्च कंत्राटाची मुदत संपल्यावरही चालूच राहतो. नगरपरिषदेने त्यासाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, एका अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी आणि तपासणीचे निष्कर्ष नागरिकांसमोर मांडावेत. सार्वजनिक पैशाने सावरलेला तलाव सार्वजनिक हिशेबानेच टिकतो. तो हिशेब मागणे हा नागरिकांचा अधिकार आहे आणि तो मागत राहणे हे त्यांचे कर्तव्यही आहे.