उसाचे बिल आणि मोबाईलचा पिन



ऊस विकास खात्याने बेणे, खते, खोडवा यांवर लिहावे अशी रीत आहे. या अंकात मात्र आम्ही मोबाईलवरच्या पैशाबद्दल लिहीत आहोत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्याचे बिल एका दिवशी खात्यावर पडते, आणि ते खाते आता खिशातल्या फोनला जोडलेले असते. शिवारात गेलो की "साहेब, असा फोन आला होता, खरा का खोटा?" अशी विचारणा आम्हांला होतेच.

आधी पिनचे पाहू. फोनपे, गूगल पे, भीम ही सगळी ॲप यूपीआय या एकाच व्यवस्थेवर चालतात. ती २०१६ साली सुरू झाली. तिच्यात पिन लागतो तो खात्यातून पैसे बाहेर जाताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे जमा होताना पिन लागत नाही. जुनी माणसे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी दहादा विचार करीत. पिन म्हणजे तोच अंगठा. "पीक विमा मंजूर झाला, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाला की तो पैसे द्यायला नव्हे, न्यायला आला आहे असे समजून फोन ठेवावा. पूर्वी भामटे फोनवर पैशाची मागणी पाठवीत आणि माणूस रक्कम जमा होते आहे असे समजून पिन दाबी. एका व्यक्तीने दुसऱ्याला अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. स्कॅनची फसवणूक मात्र चालूच आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात पिन कोणी विचारतच नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'पीएम किसान केवायसी' अशा नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके असते. ती उघडली की फोनमध्ये ॲप बसते व मेसेज वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. फाईल ओळखीच्या नंबरावरून येते, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. तेव्हा "आपल्याच भावकीतल्याने टाकली" यावर विसंबू नये. केवायसी करायची ती सरकारी संकेतस्थळावर, प्ले स्टोअरमधल्या सरकारी ॲपवर किंवा गावच्या सेवा केंद्रात. चुकून फाईल उघडलीच तर आधी फोनचे नेट बंद करावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे.

आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच अडचण आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर भागातल्या टोळ्या तोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. तिकडे कोणी नवे सिम घेतो, जुन्यात रिचार्ज मारत नाही. ९० दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. बँकेत मात्र जुनाच नंबर लिहिलेला! मग खात्याचे मेसेज परक्या माणसाला जातात. मुकादमांनी टोळी हलण्यापूर्वी ही गोष्ट मजुरांच्या कानावर घालावी. बरेच जण दुकानदाराला पिन सांगून त्याच्याकडून पैसे काढून घेतात. दुकानदार चांगला असेलही, पण दुकानात उभी असलेली बाकीची माणसे कोण?

आमचे स्पष्ट मत असे की, उसाच्या बिलाचे खाते मोबाईलच्या ॲपला जोडूच नये. दुसरे लहान खाते काढावे, त्यात किराणा-डिझेलपुरते दोन-चार हजार ठेवावेत आणि तेच जोडावे. बँकेत एक खेप जास्त पडेल, पडू द्या.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, ते मध्येच अडवता आले तर येतात. उद्यावर ढकलले की कोणी काढून नेतो. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक जवळ ठेवावा. मग बँकेत व बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, पिन-ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे धरले होते. म्हणून अर्जावर तारखेबरोबर वेळही घालावी आणि पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर गट ऑफिसला यावे, आम्ही किंवा चिटबॉय लिहून देऊ. पिन मात्र आम्हांलाही सांगू नये.