चाळिशीचा चष्मा हा मजुरीचाही प्रश्न आहे

चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा लवचीकपणा कमी होत जातो. दूरचे दिसते, पण जवळचे धूसर होते. हा आजार नाही. वयानुसार सगळ्यांनाच हे होते. उपाय साधा चष्मा. आपण त्याला 'वाचायचा चष्मा' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. "आम्हाला कुठं वाचायचंय?" म्हणत वस्तीतल्या कितीतरी आया-मावश्या तो घेतच नाहीत. पण शिवणकाम, विडी वळणे, धान्य निवडणे ही सगळी जवळच्या नजरेचीच कामे आहेत.

या नजरेची किंमत संशोधकांनी मोजली आहे. क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्टचे प्रा. नेथन काँगडन यांचा सहभाग असलेला एक अभ्यास आसामच्या चहामळ्यांत झाला. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहातोड कामगारांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला चष्मे लगेच दिले, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. त्या काळात तोडणी दोन्ही गटांची वाढली, म्हणूनच तुलना महत्त्वाची. चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता सुमारे २२ टक्के जास्त निघाली. पन्नाशीपुढच्यांत सुमारे ३२ टक्के. हे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आले.

पण पत्तीचे वजन वाढले म्हणजे मजुरी वाढलीच असे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील अभ्यासाने थेट कमाई मोजली. आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होती.

म्हणजे नगावर मजुरी घेणाऱ्या बाईचा हात मंदावला, तर तो वयाने थकला असेलच असे नाही. कदाचित तिला नीट दिसत नसेल. नुकसान मात्र तिच्याच पदरात पडते. काम वाढल्याचा फायदा मालकालाही होतो, मग चष्म्याचा खर्च त्याने का उचलू नये? बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली. कामगाराचे आरोग्य ही दया नसून हक्क आहे, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

आपण काय करू शकतो? वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला येणाऱ्यांची जवळची नजर तपासून घेऊ. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना बोलावू. मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळे बिघडलेला पडदा चष्म्याने सुधारत नाही, म्हणून तपासणी आधी, चष्मा नंतर. आणि विचारताना "वाचता येतं का?" असे नको, "सुईत दोरा ओवता येतो का?" असे विचारू.