'श्रद्धेने शांती मिळते' हे मोजायचं कसं?

"कठीण काळात ख्रिस्ती श्रद्धेने मनःशांती मिळते का?" हा प्रश्न घेऊन गाईडकडे गेलात, तर ते आधी विचारतील : श्रद्धा मोजणार कशी? चर्चला किती वेळा जातात, एवढ्यावर भागत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात श्रद्धेकडे वळण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. एकीत माणसाला वाटतं, देव सोबत आहे. दुसरीत वाटतं, देवाने टाकलं, शिक्षा दिली. २००१ साली त्यांच्या गटाने ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक ख्रिस्ती होते. 'देवाने टाकलं' असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त दिसला, तोही शारीरिक आणि मानसिक आरोग्य हिशेबात धरून.

हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कार्यकारण सिद्ध होत नाही. शिवाय देवाकडे तक्रार केली म्हणजे श्रद्धा संपली, असंही नाही. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत.

म्हणून प्रश्नावलीत 'श्रद्धा आहे का?' एवढंच नको. 'सध्या देव जवळचा वाटतो की दुरावलेला?' हेही विचारा. आणि उत्तर 'दुरावलेला' आलं, तर त्या माणसाशी पुढे कोण बोलणार, हे आराखड्यातच ठरवून ठेवा.