‘पोलिसी खाक्या’ आणि कायदा: परभणीच्या दोन केसेस काय सांगतात?

ज्यांना रेंज नव्हती किंवा ज्यांचा डेटा संपला होता, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून देतोय. बोलण्यातली भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.

तुमच्या फोनवर ही रील आलेलीच असणार. चार पोरं लंगडत चाललीत, हात जोडलेले, मागे पोलीस, वर दमदार म्युझिक आणि कॅप्शन: ‘भाईगिरी उतरवली’. गावात असं झालं की आपण म्हणतो ‘धिंड काढली’. लाईक्स हजारोंनी. प्रश्न साधा आहे: या पोरांचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला होता का? आणि झाला असता, तरी ही शिक्षा कोणत्या कलमात लिहिली आहे?

उत्तर: कोणत्याच नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं ५ वं कलम एका ओळीचं आहे. त्याचा अर्थ असा, की कोणाचाही छळ करायचा नाही आणि कोणालाही क्रूर, अमानुष किंवा अपमानास्पद वागणूक वा शिक्षा द्यायची नाही. हेच पुढे नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ७ व्या कलमात आलं. भारत या करारात १९७९ मध्ये सामील झाला.

यातली मोठी गोष्ट नीट ऐका. बोलण्याचा हक्क, फिरण्याचा हक्क यांच्यावर सरकार काही वेळा मर्यादा घालू शकतं. छळबंदीवर नाही. युद्ध असो, दंगल असो, आणीबाणी असो, ‘पण’ लावायची सोयच ठेवलेली नाही.

आता ‘अपमानास्पद’ म्हणजे काय? आईल ऑफ मॅन या बेटावर १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाला कोर्टाने छडीचे तीन फटके अशी शिक्षा दिली होती. १९७८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं, की हा छळ नसेल, पण अपमानास्पद शिक्षा आहे. माणूस इथे सत्तेच्या हातातली वस्तू होतो. तिथे निदान कोर्टाचा हुकूम तरी होता. आपल्याकडच्या धिंडीला तोही नसतो.

आपल्या शेजारची गोष्ट

नांदेडहून गाडीत बसलं की पूर्णेनंतर परभणी. हा विषय तिथे दोनदा येऊन थांबला.

पहिली केस ख्वाजा युनूसची. परभणीचा, वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. म्हणजे माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरच्या बसस्फोटाच्या तपासात पोलिसांनी त्याला उचललं. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, की औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात निघालं, की तो पळाला नव्हता, कोठडीतच मेला होता. त्याचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही. आणि ज्या स्फोटासाठी त्याला उचललं, त्या केसमधले बाकीचे आरोपी २००५ मध्ये पोटा कोर्टातून निर्दोष सुटले. ज्या चार पोलिसांवर खटला भरला गेला, ते २००४ मध्ये निलंबित झाले आणि २०२० मध्ये परत ड्युटीवर घेतले गेले. वीस वर्षं उलटली तरी खटला संपला नव्हता. त्याच्या आईने ही वीस वर्षं कोर्टाच्या तारखांवर घालवली.

दुसरी केस ताजी. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण आलं. सरकारने विधानसभेत सांगितलं, की त्याने मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा आजार होता. त्याची आई हायकोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे ३० जुलैला तो आदेश कायम राहिला.

खटल्याचा निकाल कोर्टच देईल. पण एक मुद्दा बघा: ‘त्याने तक्रार केली नव्हती.’ ज्यांच्याबद्दल तक्रार करायची, तेच पोलीस त्याला घेऊन कोर्टात उभे असतात, आणि कोठडी वाढली तर परत त्यांच्याच हवाली व्हायचं असतं. अशा वेळी किती जण तोंड उघडतील? म्हणून गप्प राहणं हा मारहाण न झाल्याचा पुरावा नाही. अंगावरची जखम बोलते, ती डॉक्टरने लिहून घेतली पाहिजे.

‘पण मारल्याशिवाय बोलत नाहीत ना!’

हा प्रश्न प्रत्येक कट्ट्यावर येतो. त्याला तीन उत्तरं.

एक: पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं, आणि हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. का? कारण मार खाणारा माणूस खरं बोलत नाही, मार थांबेल ते बोलतो. फक्त एक फट आहे: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा होतो. ‘चाकू कुठे टाकला’ यासाठी पट्टा निघतो तो इथूनच.

दोन: ‘आणि लहान मुलाचा जीव धोक्यात असेल तर?’ हे खरंच घडलंय. जर्मनीत २००२ मध्ये ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. पोलिसांनी आरोपीला फक्त धमकी दिली, की असह्य वेदना देऊ. तो लगेच बोलला. मुलगा आधीच मारला गेला होता. तरीही २०१० मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं, की ती धमकीसुद्धा अमानुष वागणूक होती. आरोपीची जन्मठेप मात्र कायम राहिली, कारण कोर्टात त्याने स्वतःहून दिलेली कबुली होती. म्हणजे मारहाण आणि धमकी वगळूनही गुन्हेगाराला शिक्षा होते.

तीन: नुकसान देशाचंच होतं. १९९५ च्या पुरुलिया शस्त्रकांडातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आहे. तिथल्या कोर्टाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला. कारण? इथे छळ होण्याचा धोका.

भारतात कायदा आहे की नाही?

अर्धा आहे. संविधानात ‘छळ’ हा शब्द नाही, पण कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात सुप्रीम कोर्टाने तो वाचला. कबुलीसाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली ७ ते १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आणि तिथेच थांबला, तो मंजूर केलाच नाही. २०१० मध्ये छळविरोधी विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं आणि संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला. तो तसाच पडून आहे.

मित्राला उचललं तर काय करायचं?

हे सेव्ह करून ठेवा. बहुतेक गोष्टी १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आल्यात, आता कायद्यातही आहेत.

१. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा मेमो बनतो. त्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही बघा.

२. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा यात धरत नाहीत.

३. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी हक्काची आहे. डॉक्टरला प्रत्येक वळ, प्रत्येक सूज दाखवा आणि लिहून घ्यायला सांगा.

४. वकिलाला भेटता येतं. पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, किंवा नांदेड-लातूरच्या जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. वकील फुकट मिळतो.

५. सीसीटीव्ही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, आवाजासकट, आणि फुटेज कमीत कमी एक वर्ष ठेवायला. इथे माझ्या धंद्यातलं एक सांगतो: डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवीन लिहितो, आणि पुसलेलं परत मिळेलच असं नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. एसपी ऑफिसला द्या, राज्य मानवी हक्क आयोगालाही पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

शेवटचं. बरेच पोलीस १२-१४ तास ड्युटी करतात, तपासाला माणूस नसतो, वरून ‘लवकर डिटेक्ट करा’चा दट्ट्या असतो. ते सगळं खरं आहे, आणि त्याला उपाय म्हणजे माणसं वाढवा, फॉरेन्सिक लॅब वाढवा. पट्टा हा उपाय नाही.

आणि पुढच्या वेळी ती रील आली, तर शेअर करण्याआधी एवढंच विचारा: यातल्या एकाचं नाव चुकून यादीत आलं असेल तर? ख्वाजा युनूसला हा प्रश्न विचारायची वेळच मिळाली नाही.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला.