दानपत्रातील एक वाक्य

व्यापारी कुटुंबात नवा न्यास स्थापन करण्याचे ठरले की पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी आयकरातील सवलतीची. न्यासाचे उद्दिष्ट कोणत्या शब्दांत लिहावे, हा विषय बहुधा वकिलाच्या लेखनिकावर सोडला जातो. जुन्या एखाद्या न्यासपत्रावरून नक्कल होते, नावे बदलतात, मुद्रांक लागतो आणि काम संपते. बँकेच्या नोकरीत अनेक न्यासांची खाती मला जवळून पाहता आली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पन्नास वर्षांनी तो न्यास गावाच्या उपयोगी पडेल की नाही, हे दिलेल्या रकमेपेक्षा उद्दिष्टाच्या त्या वाक्यावर अधिक ठरते.

न्यासाची रचना मुळात साधी आहे. दात्याने मालमत्ता दिली की ती त्याची राहत नाही. ती विश्वस्तांचीही होत नाही. विश्वस्त तिचे राखणदार असतात आणि उद्दिष्टात ज्यांचा उल्लेख आहे, त्यांच्यासाठी ती वापरायची असते. मूळ रक्कम कायम निधी म्हणून गुंतवायची आणि तिच्या उत्पन्नातून काम चालवायचे, ही जुनी रीत. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. विश्वस्त बदलला, कोणी दिवंगत झाला, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायची असेल तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दरवर्षी लेखापरीक्षण होते. आयकराच्या सवलतीसाठी उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रकमेचा त्याच वर्षी उद्दिष्टासाठी विनियोग करावा लागतो. एखाद्या ठरावीक कामासाठी रक्कम साठवायची असेल, तर आयकर खात्याला तसे आधी कळवून ती पाच वर्षांपर्यंत साठवता येते.

जुन्या काळी न्यासाची रक्कम एखाद्या प्रतिष्ठित शेठजींच्या पेढीवर व्याजाने ठेवलेली असे. त्यात गैर काही नव्हते. गावात बँकच नव्हती आणि पेढीची पत हीच हमी होती. आज मात्र तसे करता येत नाही. विश्वस्ताच्या किंवा त्याच्या आप्तांच्या व्यवसायात न्यासाचा पैसा फिरवला, तर आयकराची सवलत धोक्यात येते. काही घरांत अजूनही ‘चार महिन्यांसाठी तर वापरतो आहोत, व्याजासह परत करू’ असे म्हटले जाते. व्याज दिले तरी प्रश्न सुटत नाही, हे नव्या विश्वस्तांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

कायम निधीविषयी आपल्या मनात एक भाबडी समजूत असते की मुद्दल सुरक्षित आहे म्हणजे दान सुरक्षित आहे. ७२ या आकड्याला महागाईच्या दराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. महागाई ६ टक्के धरली, तर १२ वर्षे. म्हणजे आज ५ लाखांचा निधी ठेवून त्याचे सगळे व्याज दरवर्षी खर्च केले, तर २४ वर्षांनी तो निधी कागदावर ५ लाखांचाच दिसेल. आजच्या भावाने मात्र सव्वा लाखाचा असेल. व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये, पण न्यासाच्या बैठकीत बसले की व्यापारीही ते विसरतात. निधीत अधूनमधून भर घालण्याची तरतूद नसेल, तर तो आपोआप आटतो.

तरीही पैसा आटणे हे लहान दुखणे आहे. पैसा असून तो वापरता न येणे हे मोठे.

एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना तेथे एका धर्मशाळेचा न्यास होता. आठवडी बाजाराला बाहेरगावाहून येणाऱ्या वाटसरूंची उतरण्याची आणि त्यांच्या बैलांच्या चारापाण्याची सोय व्हावी, असे एका कापड व्यापाऱ्याने स्वातंत्र्यापूर्वी न्यासपत्रात लिहून ठेवले होते. त्या काळी ती गावाची खरी गरज होती. पुढे एस.टी. आली, मग टेम्पो आले, आणि मुक्काम करणारे संपले. धर्मशाळेच्या दर्शनी बाजूला गाळे निघाले, त्यांचे भाडे वाढत गेले आणि मुदत ठेवींच्या पावत्यांची चळत जाड होत गेली. वयोवृद्ध विश्वस्त मला म्हणत, ‘साहेब, बैलच येत नाहीत, तर चारा घालू कुणाला?’

२०१३ च्या दुष्काळात त्यांच्यातल्याच एका तरुण विश्वस्ताने ते वाक्य नव्याने वाचले. परिसरात चारा छावण्या उघडल्या होत्या. बैलांचा चारापाणी हे आपले उद्दिष्टच आहे, असे म्हणून त्याने त्या वर्षीची रक्कम छावणीकडे वळवली. मूळ दात्याच्या पणतूने हरकत घेतली, की ते बैल बाजाराला आलेले नाहीत! लेखापरीक्षकाने मात्र खर्च उद्दिष्टाला धरून असल्याचे मत दिले. नंतर धर्मशाळेच्या खोल्या सरकारी रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांना उतरण्यासाठी दिल्या गेल्या. तेही वाटसरूच, नाही का?

पण वाक्य ताणायलाही मर्यादा असते. गावातील भाजी विकणारी एक बाई डायलिसिससाठी आठवड्यातून तीन वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जात असे. विश्वस्तांची इच्छा होती, शिल्लक होती, पण औषधोपचार हा शब्द न्यासपत्रात कोठेच नव्हता. त्यांनी उद्दिष्टात बदल करून मिळावा म्हणून रीतसर अर्ज केला. माझी बदली होईपर्यंत त्याचा निकाल लागला नव्हता. त्या बाईंच्या मुलाने आमच्याच शाखेतून दागिन्यांवर कर्ज काढले. त्या कर्जाच्या कागदांवर आणि न्यासाच्या ठेवींच्या नूतनीकरणावर मी एकाच आठवड्यात सह्या केल्या.

कायद्यात अशा पेचासाठी मार्ग आहे. मूळ उद्दिष्ट साध्य होणे अशक्य झाले, तर त्याच्या शक्य तितक्या जवळच्या दुसऱ्या उद्दिष्टाकडे निधी वळवण्याची मुभा मिळू शकते. ‘सी-प्रे’ या जुन्या फ्रेंच शब्दांनी हे तत्त्व ओळखले जाते. परंतु त्यासाठी अर्ज, सुनावण्या आणि वर्षे लागतात. आणि मुळात ‘आपल्या पूर्वजांच्या शब्दाला हात कसा लावायचा’ हा संकोच विश्वस्तांना अर्जापर्यंत पोहोचू देत नाही.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. १७९० मध्ये निधन पावलेले बेंजामिन फ्रँकलिन यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवले होते. उमेदवारी पूर्ण केलेल्या, विवाहित, पंचवीस वर्षांखालील कारागिरांना त्यातून ५ टक्के व्याजाने कर्ज द्यावे आणि २०० वर्षे हा निधी वाढू द्यावा, अशी योजना होती. हिशेब चोख होता. पण कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडली आणि अटीत बसणारे तरुण कमी होत गेले. पुढे बोस्टनच्या निधीतील एका भागातून तंत्रशाळा उभी राहिली, ती या मूळ अटीच्या बाहेर पडूनच.

अशा निधींवर उपाय शोधला तो एका बँकरने, याचे मला साहजिकच अप्रूप आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ हे आधी वकील होते आणि नंतर क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष झाले. मृत दात्याची इच्छा जिवंतांचे हात बांधून ठेवते, या अवस्थेला तिकडे ‘मृत हात’ म्हणतात. त्यावर गॉफ यांनी १९१४ मध्ये क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन केले. अनेक दात्यांचा पैसा एकत्र ठेवायचा. भांडवल बँकेने सांभाळायचे, पण उत्पन्न कोठे द्यायचे हे नागरिकांच्या समितीने ठरवायचे. समितीतील काही जण महापौर आणि न्यायाधीश नेमणार, म्हणजे बँकेचाही शब्द अखेरचा नाही. आणि एखादे उद्दिष्ट कालबाह्य झाले, तर समितीला ते बदलता यावे. सुरुवातीच्या वर्षांत फाउंडेशनकडे वाटायला फारसा पैसा नव्हता, कारण मृत्युपत्रांतील देणग्या दाते गेल्यावरच येणार. म्हणून त्यांनी आधी शहराची पाहणी केली: गरिबांना मदत कशी पोहोचते, शाळांत काय चालते, फौजदारी न्यायव्यवस्थेची अवस्था काय आहे. वाटपाआधी त्यांनी गरज मोजली. आज अमेरिकेत अशा शहरनिहाय संस्था शेकडोंनी आहेत.

आपल्या संघांच्या हिशेबांतही हाच विचार जुन्या रूपात आहे. देवद्रव्य देवकार्यालाच, ज्ञानखाते ज्ञानासाठी, जीवदया प्राण्यांसाठी. आणि यांच्या जोडीला साधारण खाते. बँकेच्या भाषेत पहिले बांधील निधी आणि शेवटचा मोकळा. कोणत्या खात्याची रक्कम कोठे वापरू नये, याविषयी आपली शिस्त इतकी कडक आहे की अनेक आधुनिक संस्थांनी ती शिकावी. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. बोली मोठी होते ती बांधील खात्यांसाठी, आणि साधारण खाते बहुतेक ठिकाणी तुटीत असते. मुनिमाचा पगार, इमारतीची डागडुजी, अचानक आलेली अडचण हे सगळे त्याच खात्यावर पडते. मोकळ्या रकमेला फलक मिळत नाही, हे त्याचे कारण असावे, असे मला वाटते.

उद्दिष्टात मोकळीक असली की संस्था कशी टिकते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. हाताशी मोठा निधी नव्हता. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परंतु ‘रयतेचे शिक्षण’ हे उद्दिष्ट इतके मोकळे होते की वसतिगृहातून शाळा आणि शाळेतून महाविद्यालये उभी राहताना कोठे अडले नाही. अलीकडचे उदाहरण १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्याला शिक्षणासाठी आणली. ती मुले शिकून मोठी झाली, तेव्हा वाघोलीचे संकुल ओस पडले असते. तसे झाले नाही. पुढे तेथे मेळघाटातील आदिवासी मुले आली, शेतकरी आत्महत्यांच्या घरांतील मुले आली.

मग नवे न्यासपत्र कसे लिहावे? दात्याच्या मनातील मुख्य काम अवश्य लिहावे. ते नसेल तर विश्वस्त भरकटतात. पण त्याखाली एक तरतूद असावी: हे काम अशक्य किंवा अनावश्यक झाल्यास, विश्वस्तांनी कायद्याच्या मर्यादेत व आवश्यक त्या परवानग्या घेऊन, त्याच परिसरातील शिक्षण, आरोग्य किंवा आपत्तीनिवारणासाठी निधी वापरावा. ‘विद्यार्थी’ म्हणताना मुली अभिप्रेत आहेत, हे स्पष्ट लिहावे. जुन्या पत्रांवर यावरूनही वाद झालेले आहेत. कुटुंबाबाहेरचा किमान एक विश्वस्त असावा. आणि मसुदा सही करण्यापूर्वी घरातील मुलामुलींना व सुनांना वाचायला द्यावा, कारण विश्वस्तपद पुढे त्यांच्याकडेच जायचे आहे.

प्रत्येक कुटुंबाने नवा न्यास काढलाच पाहिजे असेही नाही. ५ लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी ३५ हजार रुपये मिळतात. त्यातून लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि नोंदणीचे नूतनीकरण भागवायचे म्हणजे गरजूसाठी उरणार किती? त्यापेक्षा चांगल्या चालणाऱ्या संस्थेत आजी-आजोबांच्या नावाने स्वतंत्र निधी ठेवता येतो. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि शेअर बाजारात त्यांचे अमाप धन गेले. विद्यापीठाला दिलेले मात्र विद्यापीठाचे झालेले होते. १८७८ मध्ये राजाबाई मनोरा पुरा झाला आणि तो फोर्टात आजही उभा आहे.