तीन तक्रारींची एकत्र शहानिशा

वार्धक्याविषयी आपल्या समाजात एक सोयीस्कर समज रूढ आहे. वय झाले म्हणजे चाल मंदावायची, आठवण दगा द्यायची आणि लघवीवरचा ताबा सुटायचा. त्याविरुद्ध फिर्याद कोणाकडे नेणार? ‘साठी बुद्धी नाठी’ एवढा शेरा मारून घरातील मंडळी मोकळी होतात, आणि ज्याच्यावर तो मारला जातो तोही पुष्कळदा निमूटपणे तो मान्य करतो. परंतु या तीन तक्रारी एकाच व्यक्तीच्या ठायी वर्ष-दोन वर्षांच्या अवधीत एकामागोमाग एक उद्भवल्या, आणि त्यांतही पहिला बिघाड चालण्यात दिसला, तर त्यांच्या मुळाशी ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’, म्हणजेच संक्षेपाने एनपीएच, हा विकार असण्याचा संभव असतो. आणि स्मृतिभ्रंशाकडे नेणाऱ्या विकारांपैकी शस्त्रक्रियेने ज्यांत काही अंशी तरी माघार घडवता येते असे जे थोडे आहेत, त्यांत याची गणना होते.

प्रौढ माणसाच्या मेंदूत व पाठीच्या कण्यात मिळून सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते. मेंदूच्या आतील पोकळ्यांत ते दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते आणि तितकेच रक्तात शोषले जाते, म्हणजे हा साठा दिवसातून तीन वेळा तरी पालटतो. एनपीएचमध्ये या पाण्याच्या अभिसरणात व निचऱ्यात विघ्न येते आणि पोकळ्या फुगत जातात. पण कमरेत सुई घालून दाब मोजला तर तो बहुधा सर्वसाधारण मर्यादेतच भरतो. हा विरोधाभास प्रथम ज्यांच्या ध्यानी आला ते सालोमोन हाकिम हे कोलंबियातील बोगोटा येथील मेंदूशल्यचिकित्सक. १९५७ साली त्यांच्याकडे मोटार अपघातात डोक्याला मार लागलेला १६ वर्षांचा एक मुलगा होता. त्याची शुद्ध पुरती परतत नव्हती. मेंदूतील पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या, मात्र पाण्याच्या दाबाविषयी तक्रारीला जागा नव्हती. तपासणीसाठी म्हणून त्याचे थोडेसे पाणी काढले, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोलू लागला. हाकिम यांनी हा धागा सोडला नाही. १९६४ मध्ये त्यांनी या विषयावर प्रबंध सादर केला, आणि १९६५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रेमंड अॅडम्स प्रभृतींसह लिहिलेल्या लेखांमुळे हा विकार वैद्यकाच्या दप्तरी कायमचा नोंदला गेला.

नोंद झाली तरी ओळख सोपी झाली नाही, कारण या विकाराचे प्रत्येक लक्षण दुसऱ्या कोणत्या तरी विकाराच्या नावावर सहज खपते. सत्तरी ओलांडलेले एखादे गृहस्थ पाय जमिनीपासून उचलेनासे होतात, चिखलात रुतलेले पाऊल उपसावे तसे चालतात. त्यांना गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेले जाते. संडासापर्यंत पोचण्याआधीच धोतर ओले होऊ लागते, तेव्हा प्रोस्टेटचा संशय घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवणी होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला मिनिट लागू लागले की तिसरा दरवाजा ठोठावला जातो. तीन ठिकाणी तीन फायली तयार होतात, तिन्हींत गोळ्या लिहून दिल्या जातात, आणि त्या तीन कैफियतींची परस्परांशी रुजवात मात्र कोणीच करीत नाही. प्रत्येक वैद्य आपल्या कक्षेत निष्काळजी असतो असे नव्हे; दोष असतो तो कक्षा अलग ठेवण्याच्या व्यवस्थेत.

सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढला की खुलासा होईल, अशी अपेक्षा स्वाभाविक असली तरी अपुरी आहे. पुढच्या पोकळ्यांची रुंदी कवटीच्या आतील रुंदीच्या ०.३ पटीहून अधिक भरली तर पोकळ्या वाढल्या असे मानतात. पण वयोमानाने वा अल्झायमरने मेंदू आक्रसला तरीही पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ आणखी बारकाईने पाहतो: मेंदूच्या माथ्याकडील घड्या एकमेकींना चिकटून दाटलेल्या आहेत काय, आणि त्याच वेळी बाजूच्या मोठ्या भेगा रुंदावल्या आहेत काय. या ठेवणीचे महत्त्व जपानी संशोधकांनी विशेषत्वाने प्रस्थापित केले. तथापि असे चित्र हा विकाराचा संशय बळकट करणारा दस्तऐवज ठरतो, फैसला ठरत नाही. स्वीडनमध्ये झालेल्या एका लोकसंख्याधारित पाहणीत या विकाराचे संभाव्य प्रमाण ७० ते ७९ वयोगटात ०.२ टक्के, तर ८० व त्यापुढील वयात ५.९ टक्के आढळले. आणि ज्या वयात तो वाढतो त्याच वयात त्याच्यासारखे दिसणारे इतर विकारही गर्दी करतात.

याच अडचणीतून अनेक शास्त्रांच्या जाणकारांनी एकाच रुग्णाची एकत्रित तपासणी करण्याची पद्धत पुढे आली. मज्जासंस्थातज्ज्ञ पार्किन्सनचा संशय पारखून पाहतो: त्या आजारात चालताना हातांचा झोका कमी होतो, तर एनपीएचमध्ये पाय घोटाळले तरी हात बहुधा हलत राहतात. मानेतील मज्जारज्जूवर दाब आहे काय, कमरेतील मणक्यांची नाल अरुंद झाली आहे काय, मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्या आहेत काय आणि आपल्याकडील शाकाहारी मंडळींत वारंवार आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव तर नाही ना, हेही तोच निकालात काढतो. स्मृती व बुद्धी यांची चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ विसरण्याची जातकुळी पाहतो. अल्झायमरच्या रुग्णाला विसरलेला शब्द खुणेनेही सहसा आठवत नाही. एनपीएचच्या रुग्णात विचाराची गती, लक्ष आणि आखणी हीच आधी मंदावतात, आणि थोडी खूण दिली की पुष्कळदा शब्द सापडतो. मूत्ररोगतज्ज्ञ लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते मोजतो. वृद्धरोगतज्ज्ञ औषधांची यादी मागवतो, कारण झोपेच्या गोळीने लडखडणारे पायही याच दारात येऊन उभे राहतात.

या साऱ्या तपासात सर्वांत बोलकी ठरते ती पाठीतून पाणी काढून पाहण्याची परीक्षा. सकाळी फिजिओथेरपिस्ट रुग्णाला खुर्चीवर बसवते, फरशीवर तीन मीटरवर पट्टी चिकटवलेली असते, हातात घड्याळ असते. “काका, उठा, त्या पट्टीपर्यंत जा, वळा आणि परत येऊन बसा,” एवढीच सूचना. किती सेकंद लागले, वळताना किती पावले पडली, कोठे आधार घ्यावा लागला याची नोंद होते, चित्रफीत घेतली जाते. मग कुशीवर निजवून कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात, आणि काही तासांनी त्याच व्हरांड्यात, त्याच चपला घालून तीच परीक्षा पुन्हा होते. हा काटेकोरपणा हौसेखातर नसतो. सुधारणेची आशा धरून बसलेल्या मुलाला वडील बरे चालताना दिसणारच. म्हणून मोजमाप आप्तांच्या डोळ्यांवर सोपवले जात नाही, आणि आप्तांची साक्ष वेगळी, घरातील वागणुकीपुरती घेतली जाते. सुधारणा स्पष्ट दिसली तर शस्त्रक्रियेच्या बाजूने वजनदार पुरावा मिळतो. दिसली नाही तरी विकार नाही असे त्यावरून ठरत नाही. अशा वेळी रुग्णालयात ठेवून सुमारे तीन दिवस बारीक नळीने सावकाश पाणी काढून फिरून चाल तपासता येते. काढलेल्या पाण्यातच अल्झायमरशी निगडित प्रथिनांची तपासणी होऊ शकते, आणि दोन्ही विकार एकत्र नांदत असल्याचे उघड झाले तर शस्त्रक्रियेने कितपत लाभ होईल याचा अंदाजही सावध करावा लागतो.

मग सर्वांची बैठक होते. शंट, म्हणजे मेंदूतील जादा पाणी कातडीखालून पोटात उतरवणारी झडपयुक्त नळी, बसवावी की नाही हा तिच्यापुढील प्रश्न. या नळीच्या परिणामाविषयी २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाणी काढण्याच्या परीक्षेत चाल सुधारलेल्या ९९ रुग्णांना शंट बसवला, पण एका गटाची झडप तीन महिने जवळजवळ बंद ठेवली, आणि कोणाची उघडी व कोणाची बंद हे रुग्णांनाही मोजणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. उघड्या झडपेच्या गटात चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी २३ सेंटिमीटरने वाढला, बंद गटात केवळ ३ सेंटिमीटरने. पडण्याच्या घटना पहिल्या गटात २४ टक्के रुग्णांत, तर दुसऱ्यात ४६ टक्के रुग्णांत घडल्या. परंतु मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव उघड्या गटात १२ टक्के आणि बंद गटात २ टक्के रुग्णांना झाला, आणि बुद्धीच्या व लघवीच्या मोजमापांत त्या मुदतीत लक्षणीय फरक आढळला नाही. चालीचा लाभ आणि रक्तस्रावाची जोखीम हे दोन्ही आकडे कुटुंबापुढे सारख्याच स्पष्टपणे मांडणे हे त्या बैठकीचे कर्तव्य आहे. रक्त पातळ करणारी औषधे थांबवणे धोक्याचे आहे का, शस्त्रक्रियेनंतर झडपेचे माप बदलून घेण्यासाठी वारंवार येणे जमेल का, पुढे एमआरआय काढला तर ते माप ढळले नाही याची खात्री कोण करील, हे प्रश्नही तिथेच निघाले पाहिजेत.

अशी एकत्र तपासणी सर्वत्र एकाच छताखाली मिळत नाही, हे खरे. तरी तिचा सांगाडा कुटुंबाला स्वतः उभा करता येतो. वडिलांच्या चालीची मोबाइलवरची चित्रफीत, सर्व औषधांची यादी, जुन्या स्कॅनच्या प्रती आणि कोणती तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली याचा लेखी तपशील, एवढे एका फायलीत बांधून ती एकाच मज्जासंस्थातज्ज्ञापुढे ठेवावी आणि तिन्ही तक्रारींचे मूळ एक असू शकेल काय, असे स्पष्ट विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले तरी हा खटाटोप वाया जात नाही. कारण पूर्ण तपासाअंती आलेले ‘नाही’ माणसाला निष्फळ शस्त्रक्रियेपासून वाचवते, आणि ब-१२ च्या इंजेक्शनाने वा एक गोळी बंद केल्याने सुटणारा प्रश्नही बहुतेकदा त्याच तपासात हाती लागतो. न तपासता दिलेल्या ‘वय झाले’ या निकालाला मात्र असा कोणताच आधार नसतो, आणि म्हणून तो मान्य करण्याचे बंधन कोणावरही नाही.